जुन्या लॅपटॉपवर घरचा क्लाउड: बेळगाव, खानापूर, निपाणीकडच्या घरांसाठी

गूगलच्या फुकट खात्याला १५ जीबी जागा मिळते आणि ती जीमेल, ड्राइव्ह आणि फोटो या तिघांनी वाटून घ्यायची असते. जरा दाबून लहान केलेले फोटो पूर्वी या हिशेबात धरत नसत. १ जून २०२१ पासून तेही धरायला लागले, आणि तेव्हापासून घरातल्या कुणा ना कुणाच्या फोनवर जागा संपल्याची सूचना येतच असते. महिन्याला थोडे पैसे टाकले की ती थांबते. ज्याला यंत्राशी झटापट नको त्याने खुशाल पैसे टाकावेत, त्यात काही कमीपणा नाही.

घरी क्लाउड मांडायची दोन कारणं मला पटतात. पहिलं म्हणजे खातं आपलं असलं तरी कुलूप त्यांचं असतं. दोन वर्षं न वापरलेली खाती पुसायला गूगलने डिसेंबर २०२३ पासून सुरुवात केली. आज्जा गेला, त्याचा फोन नातवाने पुसून वापरायला घेतला आणि आज्ज्याच्या खात्यात कुणी डोकावलंच नाही, तर त्यातले फोटोही जाऊ शकतात. २०२२ साली अमेरिकेतल्या एका बापाची बातमी गाजली होती. आजारी मुलाचा डॉक्टरसाठी काढलेला फोटो यंत्रणेला आक्षेपार्ह वाटला आणि खातं बंद झालं. पोलिसांनी त्याला निर्दोष ठरवलं, खातं मात्र परत मिळालं नाही.

दुसरं कारण आपल्या भागाचं. १ नोव्हेंबर १९५६ ला बेळगाव जिल्हा मुंबई राज्यातून म्हैसूर राज्यात गेला. त्यामुळे कित्येक घरांत एकाच जमिनीचं खरेदीखत मोडीत, मधला उतारा मराठीत आणि आजचा उतारा व फेरफार कन्नडमध्ये, असा संसार एका पत्र्याच्या ट्रंकेत नांदतो. वारसा लावायची वेळ आली की एक भाऊ पुण्यात, बहीण गोव्यात, आणि तोच कागद व्हॉट्सॲपवर सगळ्यांना पुन्हा पुन्हा. व्हॉट्सॲप फोटो दाबतं, मोडीचा बारीक फाटा त्यात जातो, आणि वाचणारा म्हणतो, जरा स्पष्ट पाठवा की.

या लेखात जुन्या लॅपटॉपवर नेक्स्टक्लाउड (फाइली-फोटो घरच्याच यंत्रावर ठेवायचं फुकट सॉफ्टवेअर) बसवायचं, टेलस्केल या खाजगी जाळ्याच्या सोयीने ते बाहेरगावच्या माणसांपर्यंत पोचवायचं आणि सगळ्याच्या प्रती दोन ठिकाणी ठेवायच्या, एवढं आहे. सर्व्हर उभा करणं एका रविवारचं काम आहे. प्रती ठेवणं हे कायमचं काम आहे, आणि ते करायचं नसेल तर पहिल्या रविवारीच थांबा. गूगल तुमच्यापेक्षा जास्त काळजीने फोटो सांभाळेल. ईमेल घरी आणायच्या भानगडीत तर पडूच नका. घरच्या जोडणीवरून पाठवलेली पत्रं समोरच्याच्या स्पॅममध्ये जातात.

## यंत्र

मायक्रोसॉफ्टने विंडोज १० चा आधार १४ ऑक्टोबर २०२५ ला थांबवला. विंडोज ११ ला साधारण आठव्या पिढीचा इंटेल प्रोसेसर आणि टीपीएम २.० ही सुरक्षेची चिप लागते, म्हणून चांगले चालणारे लॅपटॉप घरोघरी अडगळीत गेले. आपल्याला तेच हवेत. ४ जीबी रॅम पुरते, ८ असेल तर उत्तम. स्क्रीनला रेघा पडलेल्या असल्या किंवा दोनचार कळा गेलेल्या असल्या तरी हरकत नाही, यंत्र पुढे बंद झाकणाने कोपऱ्यातच बसणार आहे.

खर्च करायचा तो डिस्कवर. आतली जुनी फिरती हार्डडिस्क काढून सॅटा एसएसडी घाला. किती मोठी? फोनचा एक फोटो ५ एमबी धरा. दहा हजार फोटोंचे ५० जीबी झाले. व्हिडिओ मात्र भराभर जागा खातात, म्हणून लहान मुलं असलेल्या घराने १ टीबीच्या खाली जाऊ नये. शिवाय प्रतींसाठी यूएसबीवर लागणाऱ्या दोन बाहेरच्या डिस्क हव्यात. त्या फिरत्या हार्डडिस्क असल्या तरी चालतील, उलट बरंच. महिनोन्‌महिने विजेविना कपाटात पडून राहायला एसएसडीपेक्षा त्या भरवशाच्या.

रास्पबेरी पाय (तळहातावर मावणारा लहान संगणक) घ्यावा का, असं पोरं हटकून विचारतात. घरात असेल तर वापरा. नवीन घ्यायचा तर पाय, त्याचा चार्जर, डबी, डिस्कची जोडणी या सगळ्याच्या बेरजेत जुना लॅपटॉप येतो, आणि त्याला स्वतःची बॅटरी असते. ती बॅटरी म्हणजे फुकटचा यूपीएस.

## वीज, इन्व्हर्टर आणि वळीव

बंद झाकणाचा, काही न करता बसलेला लॅपटॉप साधारण १५ वॅट खातो. चोवीस तास, तीस दिवस म्हणजे महिन्याला सुमारे ११ युनिट. आकडा लहान आहे, पण गृहज्योतीवर, म्हणजे कर्नाटकाच्या फुकट विजेच्या योजनेवर असलेल्या घराने तो हिशेबात धरावा. २०२२-२३ च्या सरासरी वापरावर साधारण १० टक्के एवढीच तुमची फुकट मर्यादा असते. सरासरी ९० युनिट असेल तर मर्यादा ९९, आणि हा लॅपटॉप एकटाच ११ वाढवतो. वरच्या युनिटांचे पैसे भरावे लागतात. एकूण वापर २०० च्या पलीकडे गेला तर सगळंच बिल. हेस्कॉमच्या मागच्या चार बिलांवर एकदा नजर टाका आणि मग ठरवा. एखादा जुना पिवळा बल्ब बदलला तरी यातलं बरंच भरून निघतं.

वीज गेली तर लॅपटॉप तग धरेल, पण राउटर आणि फायबरची डबी बंद पडली तर बाहेरच्यांना काही दिसणार नाही. घरात इन्व्हर्टर असेल तर या तिन्ही गोष्टी त्याच्या लाइनवर घ्या. नसेल तर राउटरसाठीचा लहान डीसी यूपीएस मिळतो. राउटरच्या ॲडॉप्टरवर किती व्होल्ट लिहिलेत ते बघून घ्या.

सतत चार्जिंगवर राहिलेली बॅटरी फुगते. लॅपटॉपच्या बायोसमध्ये किंवा कंपनीच्या सेटिंगमध्ये चार्ज ६० ते ८० टक्क्यांवर थांबवायची सोय असेल तर उबुंटू (विंडोजच्या जागी घालायची फुकट लिनक्स प्रणाली) टाकण्याआधीच ती लावून ठेवा. टचपॅड वर उचललेला दिसला, तळ टेबलावर सपाट बसेना, तर बॅटरी फुगलीय. ती लगेच काढून टाका, बघू पुढे असं करू नका.

एप्रिल-मेमधल्या वळवाच्या विजा हा खानापूर पट्ट्यातला नेहमीचा घात. फायबरच्या काचेतून वीज येत नाही, पण तांब्याच्या लॅन वायरीतून, केबलमधून आणि थेट सॉकेटमधून येते. अर्थिंग तपासून घ्या, स्पाइक गार्ड लावा, आणि ढग गडगडायला लागले की प्रतींची डिस्क सॉकेटमधून आणि लॅपटॉपमधूनही काढा. पावसाळ्यात यंत्र कौलारू घराच्या माळ्यावर ठेवू नका. तिथे गळतं, धूळ पडते, उंदीर वायरी कुरतडतात. राउटरशेजारची उघडी फळी बरी.

## उबुंटू चढवताना

उबुंटू सर्व्हरची २४.०४ किंवा त्यानंतरची एलटीएस, म्हणजे दीर्घ आधाराची आवृत्ती उतरवून घ्या. २४.०४ ला एप्रिल २०२९ पर्यंत सुरक्षेच्या दुरुस्त्या मिळणार आहेत. रुफस किंवा बलेना एचरने ती पेनड्राइव्हवर लिहा, लॅपटॉप त्यावरून सुरू करा. त्याआधी लॅपटॉपवरचं जे जपायचं ते दुसरीकडे हलवा, कारण आतली डिस्क पूर्ण पुसली जाणार आहे. लॅन वायर आधीच लावून ठेवा. सर्व्हरला वायफायच्या भरवशावर ठेवणं मला पटत नाही.

इथे माउस नाही. बाणाच्या कळा, टॅब, स्पेस आणि एंटर यांवर सगळं चालतं. बहुतेक पडद्यांवर पुढे पुढे जायचं असतं. थांबायचं ते चारच जागी.

डिस्कच्या पडद्यावर एलव्हीएम ग्रूपची खूण आपोआप लावलेली असते. ती काढा. ती तशीच ठेवली तर मोठ्या डिस्कमधले १०० जीबीच वापरात येतात आणि बाकी जागा नुसती पडून राहते. १ टीबी घालून १०० जीबीत डिस्क भरली म्हणून कपाळाला हात लावणारे पुष्कळ असतात, त्यांचा घोळ बहुतेक इथेच झालेला असतो.

त्याच ठिकाणी डिस्क कुलूपबंद करण्याचा, म्हणजे लक्स एन्क्रिप्शनचा पर्याय दिसतो. चोरीची भीती असेल तर तो चांगला, पण प्रत्येक वेळी यंत्र सुरू होताना कुणीतरी तिथे बसून पासवर्ड घालावा लागतो. वीज जाऊन यंत्र बंद पडलं आणि तुम्ही हुबळीला असाल तर घरात आज्जी एकटी काय करणार? आपल्याकडच्या विजेचा विचार करता सर्व्हरची डिस्क उघडी आणि घराबाहेर जाणाऱ्या प्रती कुलूपबंद, असं मी सुचवेन.

पुढे नाव विचारतात तिथे यंत्राला साधं नाव द्या. ट्रंक म्हटलं तरी चालेल. लगेच ओपनएसएसएच सर्व्हर (दुसऱ्या संगणकावरून आत यायची सोय) बसवायचा का असं विचारलं जातं, तिथे होय. आणि शेवटाकडे स्नॅपची, म्हणजे तयार बांधून दिलेल्या ॲपची यादी येते, तीत नेक्स्टक्लाउड असतं. त्यावर स्पेस दाबून खूण करा; एंटर दाबलात तर नुसती माहिती उघडते. एवढ्याने नेक्स्टक्लाउड, त्याचा डेटाबेस, वेब सर्व्हर असं सगळं एकत्र बसतं आणि पुढे स्वतःच अद्ययावत होत राहतं. डॉकरचा (ॲप वेगवेगळ्या डब्यांत चालवायचा) मार्ग जास्त मोकळा आहे हे खरं, पण ज्याला घरची चार माणसं सांभाळायची आहेत त्याने स्नॅपच घ्यावा.

यंत्र परत सुरू झाल्यावर झाकणाचा बंदोबस्त करा, नाहीतर झाकण मिटलं की सर्व्हर झोपला. सिस्टमडीच्या लॉगइनडी कॉन्फ फाइलमध्ये हँडललिडस्विच अशी ओळ असते. तिच्या सुरुवातीचं हॅशचं (#) चिन्ह काढून किंमत इग्नोर करा आणि यंत्र पुन्हा सुरू करा. इथून पुढे लॅपटॉपसमोर बसायची गरज नाही. दुसऱ्या संगणकाच्या पॉवरशेलमधून (विंडोजची आज्ञा द्यायची खिडकी) एसएसएचने आत जाता येतं. पुढच्या आज्ञा उच्चाराप्रमाणे देतोय, टाइप करताना त्या रोमन लिपीत, लहान अक्षरांत करायच्या.

## टेलस्केल आधी, नेक्स्टक्लाउड मागाहून

बहुतेकजण आधी नेक्स्टक्लाउड उघडून बघतात. जरा दम धरा.

आपल्याकडच्या बऱ्याच घरगुती जोडण्या सीजीनॅटच्या मागे असतात, म्हणजे एकच बाहेरचा पत्ता शेकडो घरांनी वाटून घेतलेला असतो. राउटरमध्ये पोर्ट उघडून बाहेरून आत येण्याचा जुना उपाय तिथे चालत नाही. आणि चालत असला तरी करू नका. उघडं पोर्ट सापडलं की जगभरातून दारं वाजायला लागतात. टेलस्केल वायरगार्ड या कुलूपबंद बोगद्याच्या तंत्राच्या आधारे तुमच्याच उपकरणांचं एक खाजगी जाळं बनवतं. त्यातल्या प्रत्येक उपकरणाला शंभरने सुरू होणारा एक कायमचा पत्ता मिळतो, आणि तो घरात, पुण्यात, मस्कतमध्ये सारखाच चालतो.

टेलस्केलच्या संकेतस्थळावर लिनक्ससाठी एक ओळ दिलेली असते. ती सर्व्हरवर चिकटवून चालवा. मग सुडो टेलस्केल अप ही आज्ञा द्या. एक दुवा छापून येईल, तो फोनवर किंवा संगणकावर उघडून खात्यात शिरा. खातं काढताना ते गूगल, ॲपल, मायक्रोसॉफ्ट अशांपैकी कुणाची तरी ओळख मागतं. गूगलच्या दारातून बाहेर पडायला गूगलचंच गेटपास लागावं ही गंमत आहेच. पण टेलस्केलकडे तुमच्या फाइली जात नाहीत, उपकरणांची ओळख पटवण्यापुरताच त्याचा संबंध. तेही नको वाटलं तर पुढे कधीतरी हेडस्केल, म्हणजे ओळख पटवायचं तेच काम स्वतःच्या यंत्रावर करणारं सॉफ्टवेअर बघा, आज नको.

एक गोष्ट आत्ताच करून टाका. टेलस्केलच्या पानावर यंत्रांच्या यादीत सर्व्हरसमोरच्या तीन ठिपक्यांत किल्लीची मुदत बंद करण्याचा पर्याय आहे. मूळ मुदत १८० दिवसांची असते. ती तशीच राहिली तर सहा महिन्यांनी, बहुधा तुम्ही गावात नसताना, सर्व्हर जाळ्यातून गळून पडतो आणि का ते कुणालाच कळत नाही.

आता आपल्या संगणकावर टेलस्केल बसवा, टेलस्केल आयपी ही आज्ञा सर्व्हरवर देऊन त्याचा शंभरचा पत्ता घ्या, आणि ब्राउझरमध्ये तोच टाका. नेक्स्टक्लाउडचं पहिलं पान उघडेल. पहिल्यांदा ज्या पत्त्यावरून हे पान उघडून मांडणी कराल तोच पत्ता ते विश्वासाचा म्हणून नोंदवतं. घरच्या राउटरने दिलेल्या पत्त्यावरून सुरुवात केलीत तर नंतर शंभरच्या पत्त्यावर अविश्वासू डोमेनची पाटी दिसते आणि ती आज्ञा देऊन काढावी लागते. टेलस्केल आधी घ्यायला सांगितलं ते यासाठी.

ब्राउझर पत्त्याशेजारी असुरक्षित असं दाखवेल. बोगद्याच्या आत वायरगार्ड सगळं कुलूपबंद करतंय हे ब्राउझरला कळत नाही, म्हणून. डोळ्यांना खुपत असेल तर नेक्स्टक्लाउडच्या स्नॅपमध्ये स्वतः सही केलेलं एचटीटीपीएस चालू करण्याची आज्ञा आहे.

पहिल्या पानावर व्यवस्थापकाचं खातं काढा. मग शिफारस केलेली ॲप बसवू का असं विचारतात, तिथे नको म्हणा. त्यात व्हिडिओ कॉल आणि ऑफिस असतं, जुन्या लॅपटॉपला ते झेपत नाही. नंतर सवडीने संपर्क, दिनदर्शिका आणि फोटोंसाठी मेमरीज एवढी घ्या. फक्त फोटोच हवे असतील आणि ८ जीबी रॅम असेल तर इमिच नावाचा प्रकल्प त्या कामाला जास्त चांगला आहे, चेहरेसुद्धा ओळखतो. ऑक्टोबर २०२५ मध्ये त्याची पहिली स्थिर आवृत्ती आली. पण आपल्याला कागदही ठेवायचे आहेत.

## घरची माणसं

व्यवस्थापकाचं खातं रोजच्या वापराला घेऊ नका. स्वतःसाठी वेगळं, बायकोसाठी वेगळं, आईसाठी वेगळं. प्रत्येकाला किती जीबी ते ठरवून द्या, नाहीतर एकाच लग्नाचा व्हिडिओ सगळी डिस्क व्यापतो. सामाईक फोल्डर तुमच्या खात्यात करून इतरांना वाटा, आणि ज्यांना फक्त बघायचंय त्यांना बदलायचा अधिकार देऊ नका.

फोनवर टेलस्केल आणि नेक्स्टक्लाउड अशी दोन ॲप लागतात. नेक्स्टक्लाउडमध्ये शंभरचा पत्ता घालताना त्याच्या आधी एचटीटीपी लिहा, एस न लावता. मग आपोआप अपलोडमध्ये कॅमेऱ्याचं फोल्डर निवडा, फक्त वायफायवर ठेवा, वर्ष-महिन्यांची उपफोल्डरं चालू करा. हे एकाच दिशेने चालतं: फोनमधून फोटो उडवला तरी सर्व्हरवरचा राहतो. अँड्रॉइडच्या बॅटरी सेटिंगमध्ये दोन्ही ॲपना बंधनातून सूट द्या, नाहीतर बरेच फोन ती मागच्या मागे बंद पाडतात. आयफोनवाल्यांनी मधूनमधून ॲप उघडून ठेवावं, पडद्यामागे काम करायला आयओएस फार मुभा देत नाही.

प्ले स्टोअरवरच्या नेक्स्टक्लाउडकडून सगळ्या फाइली वाचायची परवानगी गूगलने काढून घेतली होती. मे २०२५ मध्ये नेक्स्टक्लाउडने जाहीर तक्रार केल्यावर ती परत मिळाली. तोवर प्ले स्टोअरच्या ॲपमधून फोटो-व्हिडिओ तेवढे आपोआप चढत. एफ-ड्रॉइड या दुसऱ्या ॲप-दुकानातल्या ॲपला ही अडचण आली नव्हती, म्हणून ज्याला जमेल त्याने ते तिथून घ्यावं.

टेलस्केल फोनला व्हीपीएन म्हणून दिसतं, आणि काही बँकांच्या ॲपना व्हीपीएन चालू दिसला की ती अडून बसतात. अँड्रॉइडवर टेलस्केलच्या सेटिंगमध्ये तेवढी ॲप वगळता येतात. तरीही अडली तर पैसे पाठवण्यापुरतं टेलस्केल बंद करायला आईला शिकवा. एकच बटण आहे. आणि साखरपुड्याचा अल्बम दोनशे पाहुण्यांना पाठवायचा असेल तर या मांडणीने तो जाणार नाही, कारण पाहुणे तुमच्या जाळ्यात नाहीत. त्याला नेहमीचा ड्राइव्हचा दुवा बरा. सगळ्यालाच घरचा क्लाउड वापरायचा अट्टहास कशाला?

## ट्रंकेतले कागद

मोडीचे कागद फ्लॅश न मारता, दिवसाच्या उजेडात, खिडकीपाशी सपाट मांडून टिपा. घडीवर फाटत आले असतील तर उघडताना जोर लावू नका. फोनच्या स्कॅन ॲपमधला काळा-पांढरा पर्याय टाळा, त्यात फिकट शाई उडते, रंगीतच ठेवा. एका दस्ताची एकच पीडीएफ, मागच्या कोऱ्या वाटणाऱ्या पानासकट, कारण शिक्के आणि शेरे मागेच असतात.

नाव देताना आधी वर्ष, मग सर्व्हे नंबर आणि हिस्सा, मग काय आहे ते. वर्ष पुढे असलं की फाइली आपोआप काळाच्या क्रमाने लागतात. देवनागरी नावं बिनधास्त द्या, पण आटोपशीर. लिनक्समध्ये फाइलच्या नावाला २५५ बाइटची मर्यादा असते आणि देवनागरीतलं प्रत्येक चिन्ह, काना-मात्रा वेगळ्या मोजून, ३ बाइट घेतं. म्हणजे सगळी मिळून ८५ चिन्हं. आज्ज्याचं पूर्ण नाव, आडनाव, गाव, तालुका असं सगळं नावात कोंबलं की फाइल चढतच नाही आणि कारणही धड सांगत नाही.

प्रत्येक जमिनीच्या फोल्डरमध्ये एक साधी मजकुराची फाइल ठेवा. त्यात कुठल्या दस्तात नाव कसं लिहिलंय ते टिपा: मराठी कागदात असं, कन्नड उताऱ्यात तसं, आधारवर तिसरंच. वारशाच्या वेळी निम्मी धावपळ याच फरकापायी होते. छापील मराठी आणि कन्नड मजकूर ओळखून शोधता येण्याजोगा करणारं टेसरॅक्ट हे फुकट साधन आहे, आणि पेपरलेस-एनजीएक्स त्याच्या जोरावर पूर्ण कागदपत्रांचं कपाट उभं करतं. हस्तलिखित मोडीपुढे मात्र त्याचं काही चालत नाही. मोडी वाचणाऱ्याकडून लिप्यंतर करून घेतलंत तर तेही त्याच फोल्डरमध्ये घाला. मूळ कागद अर्थात ट्रंकेतच. कचेरीत स्कॅन दाखवून काम होईल अशा भ्रमात राहू नका.

## दुसरी प्रत, तिसरी प्रत

संगणकावर नेक्स्टक्लाउडचं ॲप बसवलं, सगळ्या फाइली तिथेही उतरल्या, म्हणजे प्रत झाली असं वाटतं. तसं नसतं. इकडे फाइल उडाली की तिकडेही उडते. नेक्स्टक्लाउडच्या कचरापेटीत ती साधारण ३० दिवस राहते आणि जागा कमी पडली तर त्याआधीही जाते. प्रत वेगळ्या डिस्कवर, जुन्या तारखांसकट हवी, आणि एक तरी प्रत वेगळ्या छपराखाली हवी.

बाहेरची डिस्क एक्स्ट४ या लिनक्सच्या मांडणीत तयार करून सर्व्हरला लावा आणि एफएसटॅब फाइलमध्ये (सुरू होताना जोडायच्या डिस्कची यादी) तिची नोंद यूयूआयडीने, म्हणजे डिस्कच्या कायमच्या ओळखक्रमांकाने करा. नोंदीत नोफेल हा शब्द घालायला विसरू नका. तो नसेल आणि डिस्क काढलेली असेल, तर यंत्र सुरू होताना तिची वाट बघत अडून राहतं. दोन्ही डिस्कसाठी वेगळी नोंद करा.

प्रती काढायचं साधन म्हणून रेस्टिक घ्या. उबुंटूच्या नेहमीच्या भांडारात ते आहे. रेस्टिक इनिटने डिस्कवर कोठार तयार होतं आणि तिथेच पासवर्ड ठरतो. हे कोठार कुलूपबंद असतं, म्हणून डिस्क बसमध्ये विसरली तरी उतारे परक्याला वाचता येत नाहीत. पासवर्ड हरवला तर तुम्हालाही वाचता येत नाहीत.

रोज रात्री दोनला काय व्हायला हवं? आधी नेक्स्टक्लाउडची निर्यात: नेक्स्टक्लाउड डॉट एक्सपोर्ट ही आज्ञा, तिच्यापुढे उणे चिन्ह लावून ए, बी, सी ही तीन अक्षरं. याने ॲप, डेटाबेस आणि मांडणी एवढंच बाहेर निघतं. अक्षरं न देता आज्ञा दिली तर सगळ्या फाइलीही त्याच डिस्कवर दुसऱ्यांदा उतरतात, आणि अर्ध्याहून जास्त भरलेली डिस्क तिथेच तुंबते. मग रेस्टिक बॅकअपने नेक्स्टक्लाउडचं डेटा फोल्डर आणि ही निर्यात, दोन्ही बाहेरच्या डिस्कवर. ती फोल्डरं स्नॅपच्या व्हार विभागात, नेक्स्टक्लाउडच्या कॉमनखाली असतात. मग रेस्टिक फर्गेट: रोजच्या ७, आठवड्याच्या ४, महिन्याच्या १२ प्रती ठेवायच्या, बाकीच्या छाटायच्या. शेवटी जुन्या निर्याती पुसायच्या, त्या आपोआप जात नाहीत. हे सगळं एका लहान स्क्रिप्टमध्ये लिहून रूटच्या (यंत्राच्या मालकखात्याच्या) क्रॉनमध्ये, म्हणजे ठरल्या वेळी कामं चालवणाऱ्या यादीत टाका. फाइली रूटच्या मालकीच्या असतात, तुमच्या साध्या खात्याला त्या वाचता येणार नाहीत. उद्यमबागेच्या कॉलेजात जाणारं पोर घरात किंवा शेजारी असेल तर त्याच्यासाठी हे तासाभराचं काम आहे. फक्त त्याने काय लिहिलं ते समजावून घ्या.

डिस्क दोन आहेत. एक सर्व्हरला लावलेली, दुसरी गावाबाहेर. कोल्हापूर बेळगावहून ११० किलोमीटरवर आहे आणि तिथे कुणी ना कुणी मावशी, आत्या असतेच. गणपतीला आणि दिवाळीला जाणं-येणं होतं, तेव्हा डिस्क बदलायची. सीमाप्रश्नाचा निकाल लागेल तेव्हा लागो, आपले उतारे दोन्ही राज्यांत नांदतील. डिस्क घट्ट झाकणाच्या डब्यात, सिलिका जेलच्या पुड्यांसकट द्या, आणि ती लॅपटॉपला लावून पिक्चर भरायला नाही हे मावसभावाला आधीच सांगा. दिवाळी ते पुढचा गणपती हे सुमारे दहा महिन्यांचं अंतर जास्त वाटत असेल तर त्यांच्याकडे दुसरं जुनं यंत्र ठेवून तुमच्याच टेलस्केलमध्ये घ्या, रेस्टिक तिथवर एसएफटीपीने रोज पोचतं. पहिली मोठी प्रत मात्र घरीच भरून न्या, अपलोडच्या वेगाने ती कित्येक दिवस चालेल.

आणि तपासणी. दर संकष्टीला, चंद्रोदयाची वाट बघत बसायचंच असतं, तर तेवढ्यात रेस्टिक स्नॅपशॉट्सने कालची तारीख दिसते का ते बघा. मग कुठलंही एक फोल्डर रेस्टिक रिस्टोरने वेगळ्या जागी उतरवा आणि त्यातले दोन फोटो, एक उतारा उघडून बघा. क्रॉन महिनाभर बंद पडलेलं असतं आणि घरात कुणाला पत्ता नसतो, असं फार होतं. वर्षातून एकदा दुसऱ्या एखाद्या जुन्या यंत्रावर नेक्स्टक्लाउड टाकून निर्यात आत घेऊन बघा.

पासवर्ड एका पाकिटात, कागदावर, कपाटात. व्यवस्थापकाचा, लॅपटॉपचा, रेस्टिकचा, टेलस्केल कुठल्या खात्याने उघडतं ते, आणि त्या खात्याचे दुहेरी पडताळणीचे राखीव कोड. सोबत एक पान साध्या मराठीत: यंत्र कुठलं, डिस्क कुठली, मी नसेन तर कुणाला विचारायचं. हे पान बायकोला किंवा भावाला मोठ्याने वाचून दाखवा. त्यांना न कळलेली ओळ पुन्हा लिहा.

## गूगलमधून माल बाहेर काढणं

हे सगळ्यात शेवटी, निदान दोन-तीन संकष्ट्या नीट पार पडल्यावर.

गूगल टेकआउटमध्ये फक्त फोटो निवडा, ५० जीबीचे तुकडे मागा. दुवा काही दिवसच चालतो, म्हणून घरी सलग बसायला वेळ असेल तेव्हाच मागा. ५० एमबीपीएसच्या जोडणीवर १०० जीबी उतरायला साडेचार तास लागतात. उतरलेल्या फोटोंशेजारी जेसन फाइलींचा ढीग दिसेल, तो कचरा समजून पुसू नका. गूगलमध्ये तुम्ही दुरुस्त केलेल्या तारखा आणि जागा त्यांत असतात. कॅमेऱ्याच्या फोटोत तारीख आत असतेच. व्हॉट्सॲपवरून आलेल्या फोटोत नसते, तिथे जेसनच उपयोगी पडते. मेमरीज ॲपमध्ये टेकआउट आत घेण्याची आज्ञा आहे, ती या तारखा परत जागेवर बसवते.

गूगलमधून पुसताना आधी फोनमधल्या गूगल फोटोंचा बॅकअप बंद करा आणि मगच संगणकाच्या ब्राउझरमधून पुसा. बॅकअप चालू असताना पुसलंत तर फोनमधलेही फोटो जातात. कचरापेटीत ते ६० दिवस राहतात, तेवढ्यात चूक लक्षात आली तर परत घेता येतात. महिन्याचा हप्ता त्या ६० दिवसांनंतर बंद करा. त्याआधी बंद केलात आणि खात्यात १५ जीबीपेक्षा जास्त माल पडून असला, तर जीमेलवर पत्रं यायची थांबतात, आणि बँकेचा ओटीपी मेलवर मागवणाऱ्याला ते पहिल्याच दिवशी कळतं.